आयात खेळण्यांचे प्रमाणपत्र कोणाच्या नावावर असते?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. नाशिकमध्ये गेली ९ वर्षे माझे लहान मुलांच्या कपड्यांचे आणि खेळण्यांचे दुकान आहे. आजवर मी मुंबईच्या घाऊक बाजारातून माल आणत आले. यंदा दिवाळीसाठी चीनमधील यीवू येथील एका पुरवठादाराकडून थेट माल मागवण्याचा विचार आहे. लाकडी ठोकळे, कापडी बाहुल्या आणि रिमोटवर चालणाऱ्या गाड्या असा साधारण ९ लाख रुपयांचा माल आहे. सर्व मालाला ‘सीई’ ही युरोपीय खूण असून हवे तर ‘कन्फर्मिटी सर्टिफिकेट’ही देतो, असे पुरवठादार म्हणतो. मुंबईतील एक एजंट ६०,००० रुपयांत १५ दिवसांत माझ्या फर्मच्या नावाने भारतातील प्रमाणपत्र काढून द्यायला तयार आहे. आयईसी (आयात-निर्यातीसाठी लागणारा) क्रमांक मी काढलेला आहे. पुरवठादार ३० टक्के आगाऊ रकमेसाठी घाई करत आहे. ही कागदपत्रे पुरेशी आहेत का, आणि नसल्यास योग्य मार्ग कोणता?
— एक वाचक, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पैसे पाठवण्याआधी तुम्ही विचारलेत, याचे मला मनापासून समाधान वाटते. या विषयावरची बहुतेक पत्रे माल न्हावाशेवाला येऊन अडकल्यानंतर लिहिलेली असतात आणि तोपर्यंत सल्ला देण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. म्हणून आधी थेट उत्तर देतो. तुम्ही उल्लेख केलेल्यांपैकी एकाही कागदावर हा माल भारतात सुटणार नाही. एजंट ज्या प्रमाणपत्राविषयी बोलतो आहे, ते तुमच्या फर्मच्या नावाने निघूच शकत नाही. तूर्त पुरवठादाराला किंवा एजंटाला कोणतीही रक्कम देऊ नका.

खेळण्यांसाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि तो १ जानेवारी २०२१ पासून अमलात आला. १४ वर्षांखालील मुलांनी खेळावे या हेतूने बनवलेली किंवा उघडपणे त्यासाठी असलेली वस्तू या आदेशाच्या कक्षेत येते. अशा खेळण्यावर भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याखाली उमटवलेली आयएसआय खूण असल्याशिवाय ते देशात बनवता, आणता, साठवता किंवा विकता येत नाही. या आदेशामागे कारणही तसेच होते. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये दिल्ली आणि परिसरातील बाजारातून उचललेल्या आयात खेळण्यांची तपासणी केली, तेव्हा सुमारे ६७ टक्के नमुने सुरक्षेच्या चाचण्यांत नापास झाले होते. तुमच्या दुकानात येणारे दीड-दोन वर्षांचे मूल हातात पडेल ती वस्तू प्रथम तोंडात घालते, हे तुम्हाला मी सांगायला नको. या नियमांकडे कटकट म्हणून पाहणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत होऊ शकत नाही.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. ‘कन्फर्मिटी सर्टिफिकेट’ हा शब्द पुरवठादाराच्या तोंडी सहज येतो, कारण त्याचा माल आखाती आणि आफ्रिकी देशांतही जात असतो. सौदी अरेबिया, केनिया, नायजेरिया अशा देशांत आयातीसाठी अनुरूपता प्रमाणपत्राची पद्धत आहे. मान्यताप्राप्त तपासणी संस्था माल निघण्यापूर्वी कागदपत्रे, चाचणी अहवाल आणि गरजेनुसार प्रत्यक्ष माल पाहते आणि त्या मालासाठी प्रमाणपत्र देते. नोकरी-व्यवसायासाठी आखातात असलेल्या आपल्या मराठी बांधवांना ही पद्धत चांगली परिचित असते, आणि भारतातही असेच असावे असा समज त्यांच्याकडूनही पसरतो. भारतात खेळण्यांसाठी जो परवाना लागतो, त्याची रचना मुळातच वेगळी आहे. तो एखाद्या खेपेला मिळत नाही, आयातदाराला मिळत नाही आणि मधल्या व्यापारी कंपनीलाही मिळत नाही. विशिष्ट पत्त्यावरच्या विशिष्ट कारखान्याला, विशिष्ट भारतीय मानकाखाली, ठरावीक प्रकारच्या खेळण्यांसाठी तो दिला जातो. त्याच उत्पादकाने दुसऱ्या गावात दुसरा कारखाना काढला, तर त्या कारखान्यासाठी स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो.

यीवूच्या बाबतीत ही गोष्ट विशेष अडचणीची ठरते. ती एक प्रचंड घाऊक बाजारपेठ आहे आणि तिथल्या दुकानात बसलेला माणूस बहुधा विक्रेता असतो, उत्पादक नसतो. तुमचे ठोकळे एका कारखान्यातून, बाहुल्या दुसऱ्या आणि गाड्या तिसऱ्या कारखान्यातून येत असण्याचीच शक्यता जास्त आहे. म्हणजे तुम्हाला तीन कारखान्यांच्या तीन परवान्यांची चौकशी करावी लागेल, आणि पुरवठादार कारखान्यांची नावेच सांगायला तयार नसेल, तर विषय तिथेच संपतो.

‘सीई’विषयीही स्पष्ट बोलायला हवे, कारण ही खूण पाहून अनेक जण निर्धास्त होतात. आपले उत्पादन युरोपीय संघाचे नियम पाळते, असे उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर जाहीर करणे, हा त्या खुणेचा अर्थ आहे. खेळण्यांच्या बाबतीत बऱ्याचदा त्यामागे कोणत्याही सरकारी यंत्रणेची तपासणी नसते. काही कारखान्यांकडे ‘ईएन ७१’ हे युरोपीय किंवा ‘आयएसओ ८१२४’ हे आंतरराष्ट्रीय मानक यांनुसार चांगल्या प्रयोगशाळेचे अहवाल असतात आणि त्यांना किंमत आहेच. आपले ‘आयएस ९८७३’ हे मानक ‘आयएसओ ८१२४’वरच आधारलेले आहे. त्यामुळे असा अहवाल असलेला कारखाना भारतीय चाचणीतही उत्तीर्ण होण्याची आशा बाळगता येते. परंतु अहवाल म्हणजे परवाना नव्हे, आणि कस्टम्सचा अधिकारी परवानाच पाहतो.

‘आयएस ९८७३’ या आपल्या मानकात नेमके काय तपासतात, हे तुम्हाला ठाऊक असावे असे मला वाटते, कारण माल निवडताना त्याचा थेट उपयोग होतो. पहिल्या भागात यांत्रिक आणि भौतिक सुरक्षा येते. ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक छोटे नळकांडे असते. ३ वर्षांखालील मुलांच्या खेळण्याचा एखादा सुटा किंवा चाचणीत निखळलेला भाग त्यात कसाही न दाबता पूर्ण बसला, तर तो घशात अडकू शकतो असे मानून खेळणे नाकारले जाते. कापडी बाहुल्यांचे डोळे आणि बटणे बहुधा याच कसोटीवर नापास होतात. दुसरा भाग ज्वलनशीलतेचा असून लांब केस, दाढी, मिशा आणि कापडी खेळणी यांच्यासाठी तो महत्त्वाचा आहे. तिसऱ्या भागात रंगातून आणि इतर पदार्थांतून शिसे, कॅडमियम, पारा, आर्सेनिक अशी ८ मूलद्रव्ये किती बाहेर येतात ते मोजतात. सर्वसाधारण खेळण्यांसाठी शिशाची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम आहे. लाकडी ठोकळ्यांचा भडक रंग इथेच उघडा पडतो. प्लास्टिक मऊ करणाऱ्या थॅलेट रसायनांसाठी नववा भाग आहे. तुमच्या रिमोटच्या गाड्यांना यांशिवाय विजेवर चालणाऱ्या खेळण्यांचे ‘आयएस १५६४४’ हे मानक लागू होते.

रिमोटच्या गाड्यांचे प्रकरण इथेच थांबत नाही. रिमोट बिनतारी लहरींवर चालत असल्यामुळे दूरसंचार विभागाच्या ‘डब्ल्यूपीसी’ शाखेची ‘ईटीए’ ही मान्यता आवश्यक ठरते. गाडीसोबत लिथियमची बॅटरी किंवा चार्जिंगचा अ‍ॅडॉप्टर येणार असेल, तर त्या वस्तूंसाठी मानक ब्युरोची वेगळी सक्तीची नोंदणी आहे आणि तीही बनवणाऱ्या कारखान्याच्याच नावावर असते. विजेवरची खेळणी २०२२ च्या ई-कचरा नियमांच्या सूचीतही आहेत, त्यामुळे आयातदार म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. पहिल्याच आयातीत हा सगळा भार एकदम अंगावर घेऊ नये. माझा आग्रह आहे की रिमोटच्या गाड्या या वेळी यादीतून काढून टाकाव्यात.

परदेशी कारखान्याने परवाना घेण्याचा मार्ग अर्थातच खुला आहे. भारतीय मानक ब्युरोची परदेशी उत्पादकांसाठी स्वतंत्र प्रमाणन योजना असून तिचे काम दिल्लीतील मानक भवनातून चालते. अर्ज कारखान्याने करायचा असतो. यंत्रसामग्री, उत्पादनाची प्रक्रिया, कारखान्यातील प्रयोगशाळा, तिच्यातील उपकरणे, गुणवत्तेवर देखरेख करणारी माणसे, अशी सारी माहिती त्यात द्यावी लागते. छाननी झाली की ब्युरोचे अधिकारी कारखान्यात जाऊन पाहणी करतात, तिथल्या तिथे चाचण्या करून घेतात आणि स्वतंत्र प्रयोगशाळेसाठी नमुने सीलबंद करतात. अधिकाऱ्यांच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च अर्जदार उचलतो. सर्व समाधानकारक ठरल्यास शुल्क भरून, १०,००० अमेरिकी डॉलरची बँक हमी देऊन आणि करार करून परवाना मिळतो. तो सुरुवातीला १ ते २ वर्षांचा असतो आणि पुढे नूतनीकरण करावे लागते. सगळे सुरळीत झाले तरी या कामाला काही महिने लागतात, आणि चीनमधील कारखान्यांना तर गेल्या काही वर्षांत त्याहूनही फार दीर्घ प्रतीक्षा करावी लागल्याचे व्यापारी सांगतात. ६०,००० रुपये आणि १५ दिवस या आकड्यांत यातले काय बसते, हे तुम्हीच पाहा.

या योजनेत भारतातील माणसासाठी एकच जागा आहे, ती म्हणजे ‘अधिकृत भारतीय प्रतिनिधी’. ज्या परदेशी उत्पादकाचे भारतात कार्यालय नाही, त्याने भारतात राहणारी एक व्यक्ती नेमून द्यायची असते आणि त्या व्यक्तीने कायद्याच्या पालनाची जबाबदारी लेखी स्वीकारायची असते. एजंट कदाचित तुम्हालाच या जागेवर बसवू पाहत असेल आणि त्यालाच ‘तुमच्या नावाचे प्रमाणपत्र’ म्हणत असेल. परक्या देशातील ज्या कारखान्याचे दारही तुम्ही पाहिलेले नाही, त्याच्या चुकीसाठी नाशिकमध्ये बसून उत्तरदायी होणे किती योग्य, याचा शांतपणे विचार करा. त्या कारखान्याशी तुमचा अनेक वर्षांचा व्यवहार असता, तर माझे मत कदाचित वेगळे असते. आजच्या स्थितीत अशा कोणत्याही कागदावर सही करू नका.

माल आधी आणून मागाहून परवाना दाखवू, असाही सल्ला तुम्हाला कोणी देईल. तो घातक आहे. आयएसआय खूण उत्पादनाच्या ठिकाणीच, परवाना हातात आल्यानंतर बनलेल्या मालावर उमटवायची असते. बंदरात आल्यावर किंवा गोदामात बसून तिचे स्टिकर लावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. आयातदाराचे नाव आणि पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ विक्री किंमत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क इत्यादी मजकुराचे वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांनुसार लागणारे लेबल आयातीनंतर, माल सोडवण्यापूर्वी लावण्याची मुभा असते, आणि बहुधा त्यामुळेच लोकांचा घोटाळा होतो. दोन्ही लेबलेच दिसत असली, तरी एक किंमत आणि जबाबदारी सांगणारे आहे आणि दुसरे सुरक्षेची ग्वाही देणारे.

माझ्या परिचयातील एका व्यापाऱ्याने ‘कागद मागून येतील’ या भरवशावर खेळण्यांच्या काही पेट्या मागवल्या होत्या. माल सामायिक कंटेनरमधून आला, बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडे द्यायचे आयातीचे घोषणापत्र) भरली गेली आणि तिथेच सगळे थांबले. गोदामाचे भाडे रोज चढत राहिले. परवाना येण्याची शक्यता नाही हे उमगेपर्यंत ते भाडे मालाच्या किमतीच्या निम्म्यावर गेले होते. परत पाठवायचा खर्च परवडेना आणि पुरवठादार माल परत घेईना. शेवटी त्यांना तो माल सोडून द्यावा लागला. त्यांनी कर्ज काढून आगाऊ रक्कम भरली होती, ही आठवण मला आजही अस्वस्थ करते. आणि हे केवळ व्यापारी नुकसान झाले. निषिद्ध माल म्हणून सीमाशुल्क कायद्याखाली जप्ती आणि दंड होऊ शकतो. भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या कायद्यात अशा आयातीसाठी किंवा विक्रीसाठी पहिल्या वेळी किमान २ लाख रुपये आणि मालाच्या किमतीच्या १० पटींपर्यंत दंडाची, तसेच २ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केलेली आहे. कारवाई बंदरापुरती मर्यादित राहत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ब्युरोने देशभरातील मोठ्या दुकानांवर आणि विमानतळांवरील विक्रीकेंद्रांवर छापे घालून १८,६०० खेळणी जप्त केल्याचे सरकारने जाहीर केले होते.

खेळणी ‘शैक्षणिक साहित्य’, ‘शोभेच्या वस्तू’ किंवा ‘गिफ्ट आर्टिकल’ म्हणून दाखवू, अशी सूचना आली तर ती तत्काळ नाकारा. अधिकारी बिलावरचा शब्द पाहून थांबत नाही, तो वस्तू पाहतो. रंगीत ठोकळ्यांवर अक्षरे छापली म्हणून ते खेळणे राहत नाही असे नाही. खोटे वर्णन दिल्याचे सिद्ध झाले, तर परवाना नसल्याच्या दोषात फसवणुकीचा दोष मिळतो आणि बिल ऑफ एन्ट्रीवर तुमचा आयईसी क्रमांक असल्यामुळे तो तुमच्याच माथी येतो. कुरिअरने थोडाथोडा माल मागवण्याच्या युक्तीचेही तेच. विक्रीसाठी आणलेल्या खेळण्यांना संख्येची सवलत नाही.

तरीही परदेशी माल आणायचाच असेल, तर सुरुवात परवानाधारक कारखाना शोधण्यापासून करा. पुरवठादाराला चार गोष्टी लेखी विचारा: प्रत्येक वस्तू बनवणाऱ्या कारखान्याचे नाव आणि पूर्ण पत्ता, ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक, परवान्याची मुदत, आणि त्यात समाविष्ट असलेले मानक, प्रकार व ब्रँड. मिळालेला क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर टाकून पाहा. अ‍ॅपवरचे नाव आणि पत्ता पुरवठादाराने दिलेल्या माहितीशी अक्षरशः जुळला पाहिजे, परवाना चालू असला पाहिजे, आणि तुम्हाला हवी असलेली वस्तू त्याच्या व्याप्तीत असली पाहिजे. विजेविना चालणाऱ्या खेळण्यांचा परवाना दाखवून बॅटरीची गाडी विकण्याचा प्रकार घडू शकतो, त्यामुळे व्याप्ती नीट वाचा. केवळ पीडीएफ किंवा फोटो पाहून विश्वास ठेवू नका. शंका राहिली तर मुंबईत ब्युरोचे पश्चिम विभागाचे कार्यालय आहे. तिथे क्रमांक घेऊन जा आणि विचारा. सरकारी कार्यालयाची भीती बाळगून लोक एजंटाकडे जातात, हे मी समजू शकतो, परंतु या बाबतीत प्रश्न विचारणे हा तुमचा अधिकार आहे.

परवाना खरा निघाला, तरी करारात दोन अटी घालून घ्या. प्रत्येक नगावर किंवा आवेष्टनावर नियमानुसार खूण, मानक क्रमांक आणि परवाना क्रमांक छापलेला असेल, आणि माल निघण्यापूर्वी त्याची छायाचित्रे येतील, ही पहिली अट. परवान्यातील दोषामुळे माल अडकल्यास तो परत घेण्याचा खर्च पुरवठादाराचा राहील, ही दुसरी. आगाऊ रक्कम या अटी मान्य झाल्यावरच द्या. पैसे देण्याआधी सीमाशुल्काचाही हिशेब मांडा. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. त्या दराने ९ लाखांच्या मालावर ६ लाख ३० हजार रुपये केवळ मूळ शुल्क होते. त्यावर जीएसटी, बंदराचा खर्च आणि वाहतूक वेगळीच. आजचा लागू दर परवानाधारक कस्टम्स ब्रोकरकडून लेखी घ्या आणि मगच ठरवा की मुंबईच्या घाऊक बाजारापेक्षा हा माल खरोखर स्वस्त पडतो का.

माझ्या मते यंदाच्या दिवाळीपुरता तो स्वस्त पडणार नाही. देशातील दीड हजारांहून अधिक परवाने आज भारतीय खेळणी उत्पादकांकडे आहेत आणि त्यांची नावे व पत्ते ब्युरोच्या संकेतस्थळावर खुले आहेत. लाकडी ठोकळे आणि कापडी बाहुल्या या दोन्ही वस्तू देशातील परवानाधारक कारखान्यांतून थेट मिळू शकतात. लाकडी खेळण्यांचा विषय निघालाच आहे, तर आपल्या सावंतवाडीचाही विचार करा. तिथल्या कारागिरांच्या वस्तूंना नाशिकच्या ग्राहकाकडून नक्की दाद मिळेल असे मला वाटते. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे, म्हणून खरेदी करताना त्या नोंदणीची प्रत मागून आपल्या फाइलला लावून ठेवा. आणि मुंबईच्या घाऊक बाजारातून तुम्ही आजवर आणलेल्या मालावर आयएसआय खूण आहे की नाही, हेही या आठवड्यात दुकानातल्या फळीफळीवर पाहून घ्या. खूण नसलेला नग साठवून ठेवणे आणि विकणे हेही याच आदेशाखाली येते, आणि तो माल कोणी आयात केला हे पाहण्याआधी अधिकारी तो कोणाच्या दुकानात सापडला हे पाहतात.

एजंटाला नकार कळवताना वाद घालू नका. ‘कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कार्यालयाकडून, कोणाच्या नावाने आणि कोणत्या कारखान्यासाठी प्रमाणपत्र मिळेल, ते आपल्या लेटरहेडवर लिहून द्यावे’ एवढाच संदेश पाठवा. त्याचे लेखी उत्तर आले, तर मला जरूर पाठवा. ते वाचून मी तुम्हाला पुढचे सांगेन.